गंज लावून मिळेल

तारीख अकरा, सकाळ, दुकान उघडण्यापूर्वी

तीर्थरूप मामांना आणि मामींना साष्टांग नमस्कार.

हे पत्र खुर्चीत बसून वाचावे ही पहिली विनंती. तुमच्या रक्तदाबाचे वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे उलट टपाली कळवावेत ही दुसरी. मागच्या पत्रात तुम्ही नुसते 'बरा आहे' एवढेच लिहिले होते आणि त्यावरून काहीच अंदाज बांधता येत नाही. मामींचा गुडघा, तुमचा खोकला आणि गच्चीवरच्या कुंड्या यांची आई रोज चौकशी करते, आणि मीही तिला रोज 'बरे आहे' असेच सांगतो, म्हणजे ही सवय आईच्या माहेराकडून आलेली दिसते. ट्रंकेची किल्ली अजून सापडली नाही हे वाचून फार वाईट वाटले. सतरा जुन्या कुलपांचा संग्रह करणाऱ्या माणसाला स्वतःच्याच ट्रंकेपुढे हात चोळत बसावे लागावे याचे मामींना हसू आले असेल, मला आले नाही. तुमचे संग्राहक मित्र वीस तारखेला कुलपे पाहायला येणार आहेत, आणि तोवर किल्ली मिळाली नाही तर तुम्ही कुलूपवाल्याकडून ट्रंक फोडून घेणार आहात, असे तुम्ही लिहिले आहे. फोडू नये. आधी हे पत्र पूर्ण वाचावे.

गेला महिनाभर माझे पत्र नाही याचे कारण एक तलवार आहे. (घाबरू नये, कोणाला लागलेले नाही.) आमचे दुकान तुम्हाला माहीत आहे. पुढे काउंटर, मागे दोन चाके, एक धारेचे आणि एक पॉलिशचे, भिंतीवर शिंप्यांच्या कात्र्या नावाच्या चिठ्ठ्या बांधून टांगलेल्या, आणि त्यांच्यावर आजोबांचा फोटो, ज्यात ते हातातल्या सुरीकडे संशयाने पाहत आहेत. आजोबांचा एक नियम काकांनी आजवर मोडू दिलेला नाही. घरातली सुरी असो की खाटकाचा सुरा, धार लावून झाली की मूठ काढायची, मुठीच्या आत लपलेला पात्याचा भाग (त्याला आमच्याकडे शेपूट म्हणतात) घासून लख्ख करायचा, मूठ पुन्हा बसवायची आणि मगच वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. गंज पुढून येत नाही, आतून येतो, असे आजोबांचे म्हणणे होते. गिऱ्हाइकाला जे दिसत नाही ते ज्याने घासले नाही, त्याने काहीच घासले नाही. मी नववीतून शाळा सोडून दुकानात बसलो तेव्हापासून किती शेपटे घासली ते सांगता येणार नाही, पण माझ्या हातून एकही सुटलेले नाही. दुर्दैवाने हे अगदी खरे आहे.

तर गेल्या महिन्यात एका सकाळी आमच्या हेडबाई दुकानात आल्या. हेडबाई म्हणजे माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त. मी शाळा सोडताना मला अडवायला त्या आमच्या घरापर्यंत आल्या होत्या आणि तासभर बाबांना बोलून, जाताना आमच्या दारावरच्या पाटीतल्या दोन चुका तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करून गेल्या होत्या. शब्द लिहिण्यापूर्वी तो कोशात बघायची सवय मला त्यांच्यामुळे लागली आणि त्या समोर आल्या की हात मागे बांधायची सवयही त्यांच्यामुळेच. त्यांनी काउंटरवर एक लांब पुडके ठेवले. आत जपानी तलवार. त्यांचे यजमान बोटीवर डॉक्टर होते. फार वर्षांपूर्वी एका बंदरात त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाचा पाय वाचवला, आणि त्याने घरातली ही चारशे वर्षांपूर्वीची तलवार त्यांना दिली. डॉक्टरांना जाऊन सहा वर्षे झाली. आता बाई ती संग्रहालयाला देणार होत्या. अट एकच होती, काचेच्या कपाटात तलवारीखाली डॉक्टरांच्या नावाची पाटी हवी. संग्रहालयाचे साहेब महिन्याभराने ती पारखायला बाईंच्या घरी यायचे होते. "नुसती बाहेरून पुसून दे," बाई म्हणाल्या. "शहाणपणा करू नकोस."

मामा, मी शहाणपणा केला नाही, मी नियम पाळला. पाते वरून पुसले, त्याला हात लावण्याजोगे काहीच नव्हते. मग मुठीतली बांबूची खुंटी अलगद काढली, मूठ ओढली, आणि आतून जे शेपूट निघाले ते पाहून मला बाईंची दया आली. काळपट तांबूस, खरखरीत, बोट फिरवले तर बोट रंगावे असे. पुढून आरसा आणि मागून हे. मी दोन दिवस घेतले. आधी तेल, मग बारीक घासकागद, मग त्याहून बारीक, आणि शेवटी पॉलिशचे चाक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या शेपटात मला माझा चेहरा दिसला. चेहरा समाधानी होता. तसा तो त्यानंतर महिनाभर दिसला नाही.

कारण तिसऱ्या दिवशी बाईंकडून टपालाने एक छापील कागद आला. संग्रहालयाने तो त्यांना पाठवला होता आणि त्यांनी वर तांबड्या पेन्सिलीने 'वाचून घे' एवढेच लिहून तो माझ्याकडे धाडला होता. 'जपानी तलवार हाताळण्याविषयी सूचना.' पहिल्या तीन वाचून मला बरेच वाटले, त्या मी न सांगताच पाळल्या होत्या. चौथी अशी: 'मुठीच्या आतील भागावरील गंज कोणत्याही परिस्थितीत काढू नये. हा गंज म्हणजे तलवारीच्या वयाचा दाखला होय. कारागिराची सहीही बहुधा याच भागावर असते. अधिक माहितीसाठी पाहावे,' आणि पुढे दोन खंडांच्या एका जुन्या जपानी संदर्भग्रंथाचे नाव. मी ती सूचना सात वेळा वाचली. मग दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो. समोरचा न्हावी दाराशी येऊन म्हणाला, "काय रे, काका गेले की काय?" मी म्हटले, काका आत आहेत. तो म्हणाला, "मग तोंड असं का?" तोंडाचे काय सांगणार. कोणाच्या तरी चारशे वर्षांच्या जन्मदाखल्यावर मी बारीक घासकागद फिरवला होता, आणि शेपटावर आधी सही होती की नव्हती हे मला काही केल्या आठवत नव्हते. घासताना मी फक्त गंज पाहतो, बाकी काही पाहत नाही. आता बाईंना हे सांगायचे, की आधी त्यावर उपाय शोधून मग सांगायचे? मी दुसरा मार्ग धरला. काढलेला गंज परत लावता येत असेल तर तो त्या ग्रंथात असणार, असे मी ठरवले.

काकांना यातले काही सांगितले नव्हते, पण त्यांना कळले. आधी सरावासाठी म्हणून मी घरची एक जुनी सुरी मिठाच्या पाण्यात भिजवून चाकामागे ठेवली होती आणि दर दोन तासांनी तिच्यावर गंज आला का ते पाहत होतो. चौथ्यांदा पाहताना काका मागे उभे होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग आजोबांच्या फोटोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आपल्या तीन पिढ्या गंज काढण्यात गेल्या. तू पहिलाच. बाहेर पाटी काय लावू सांग. गंज लावून मिळेल?" मी म्हटले, काका, हे फक्त एकदाच. ते म्हणाले, "आणि तेही बाईंच्या वस्तूला. त्या बाईंना मी अजून घाबरतो आणि मी तर त्यांच्या शाळेतही नव्हतो." पण दुपारची सुट्टी त्यांनी मला दिली, रोज, ग्रंथ सापडेपर्यंत.

ग्रंथ सापडणे म्हणजे काय ते आता सांगतो. आमच्या चौकातल्या वाचनालयात नाव दाखवताच तिथल्या बाई हसल्या आणि त्यांनी मला मोठ्या ग्रंथालयात पाठवले. तिथल्या पहिल्या मजल्याने मला तिसऱ्यावर पाठवले, तिसऱ्याने तळघरात. तळघरात एक ग्रंथपाल बसतात. तिथे इतका गारठा असतो की ते दोन स्वेटर घालतात आणि आल्या माणसाकडे तो दार उघडे ठेवील की काय अशा नजरेने पाहतात. त्यांनी निळ्या कापडाच्या पेटीतून दोन जाडजूड खंड काढले आणि मला पांढरे हातमोजे दिले. ग्रंथ घरी मिळणार नाही, झेरॉक्सच्या यंत्राखाली ठेवता येणार नाही, हाताने उतरवून घ्या, असे नियम सांगितले. मी विचारले, याचे भाषांतर? ते म्हणाले, "इंग्रजीत एक झालंय म्हणतात. ते मूळ ग्रंथापेक्षा दुर्मिळ आहे. आणि आपल्या भाषेत कोण करणार? कोणासाठी?" मी म्हटले, माझ्यासाठी. त्यांनी चष्मा वर करून मला नीट पाहिले. "गंमत आहे," ते म्हणाले, "अठरा वर्षांत हा ग्रंथ कोणी मागितला नाही. आणि या महिन्यात तुम्ही दुसरे." दुसरे म्हणजे पहिले कोण, हे मी विचारायला हवे होते. मी हातमोज्यांची बोटे नीट बसवत राहिलो.

मला जपानी येत नाही (इंग्रजीही मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचतो). पण माझे अक्षर चांगले आहे, आणि चित्र समजून उतरवले तर कोणतीही लिपी उतरवता येते, असा मी विचार केला. ग्रंथात शेपटांचे फोटो पानोपानी होते, काळे, सुंदर, गंजलेले. इतक्या पानांतून उपायाचे पान कोणते? एका पानावर जाड चौकट होती आणि चौकटीत मोठी अक्षरे होती. इतकी ठळक चौकट विनाकारण कोणी आखत नाही. चार दुपारी बसून मी ते पान एकेका रेघेसह उतरवले, आणि चूक नको म्हणून पुन्हा एकदा उतरवून दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. ग्रंथपाल मागे येऊन म्हणाले, "छान. वळण आहे." गेल्या महिन्यात माझी कोणी केलेली स्तुती ती एवढीच.

आता वाचणारा हवा. न्हाव्याने ज्यूडोच्या सरांचे नाव सुचवले. सरांनी कागद हातात धरला, लांब धरला, उभा धरला, आडवा धरला. त्यांना दहापर्यंत आकडे, 'वाका', 'उठा' आणि 'थांबा' एवढे जपानी येते, ते त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले आणि यातले एकही कागदावर नाही असेही सांगितले. पण त्यांच्या वर्गाला येणाऱ्या एका मुलीची आई यंत्रांच्या कारखान्यात दुभाषी आहे हे त्यांना ठाऊक होते. मी दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. दुभाषी ताई जेवणाच्या सुट्टीत आल्या, हातात डबा, गळ्यात ओळखपत्र, चालणे असे की त्यांना गाठायला मलाच पळावे लागले. चालता चालता त्यांनी माझा कागद वाचला आणि थांबल्या.

"हे तुम्ही उतरवलं?"

"हो. दोनदा."

"अक्षर सुंदर आहे हो. माझ्यापेक्षा सुंदर." मग त्यांनी डबा भिंतीवर ठेवला, कारण त्यांना हसू आवरेना. "यात लिहिलंय, या ग्रंथातील कोणताही मजकूर प्रकाशकाच्या परवानगीशिवाय उतरवून घेऊ नये."

मामा, त्या वेळी मला वाटलेली शरम मी लिहीत नाही. पण ताई मनाने फार चांगल्या. हसून झाल्यावर त्यांनी विचारले की तुम्हाला नेमके हवे काय, आणि मी फाटकाशी उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले. तोपर्यंत ते पूर्ण असे कोणालाच सांगितले नव्हते. त्या म्हणाल्या, "म्हणजे गंजाचं प्रकरण. दुसऱ्या खंडातलं सातवं. ते मी केलंय की भाषांतर. पंधरा दिवसांपूर्वीच. एका बाईंनी तळघरात बसवून करून घेतलं माझ्याकडून." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक शाळेची वही आणून दिली.

भाषांतराविषयी एक सांगायला हवे. ताई वीस वर्षे फक्त यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करत आल्या आहेत, त्यामुळे चारशे वर्षांपूर्वीच्या तलवारीही त्यांच्या हातून कारखान्यातूनच बाहेर पडतात. 'प्रकरण सात. शेपटाची देखभाल. सूचना: शेपूट साफ करू नये. साफ केल्यास उत्पादकाची जबाबदारी संपते.' (उत्पादक वारून चार शतके झाली.) पुढे ज्या ओळीसाठी मी महिनाभर वणवण केली ती ओळ होती: 'गेलेला गंज परत आणण्याची पद्धत उपलब्ध नाही. कृत्रिम गंज जाणकारास लगेच ओळखू येतो व तो लबाडी समजला जातो. नैसर्गिक गंजास लागणारा कालावधी: चारशे वर्षे. या कालावधीत वस्तू हलवू नये.' साहेब येण्याला चार दिवस उरले होते.

पण मी खरा घाबरलो तो त्या ओळीने नाही, पुढच्याने. वहीच्या शेवटच्या पानावर, ताईंच्या निळ्या अक्षरांखाली, तांबड्या पेन्सिलीने लिहिले होते: 'दहापैकी साडेसहा. मजकूर समजतो. घाई केली आहे.' ती पेन्सिल मी कुठेही ओळखीन. बाईंनी भाषांतर तपासून वही ताईंना परतही केली होती. म्हणजे ग्रंथ मागणारे पहिले कोण ते आता कळले. बाईंनी मला सूचनेचा कागद पाठवला, वर 'वाचून घे' लिहिले, आणि स्वतः तळघरात जाऊन गंजाचे प्रकरण समजून घेतले. का? मला एकच उत्तर सुचले. बाईंना माझा संशय आलेला आहे. त्या पुरावा गोळा करत आहेत. शाळेत फळा कोणी फोडला हे शोधतानाही त्या असेच करत असत, गप्प राहून, चार दिवस.

काल ती तारीख उजाडली. तलवार पुडक्यात बांधून मी बाईंच्या घरी गेलो. बाईंचे घर म्हणजे पुढची खोली, पुस्तकांचे कपाट, मिनिटभरही न चुकणारे घड्याळ आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एक फळा, ज्यावर किराणा लिहिलेला असतो. साहेब आधीच आलेले होते. बारीक चणीचे, हळू बोलणारे, इस्त्रीच्या रुमालासारखे गृहस्थ. बाईंनी मला बस म्हटले नाही म्हणून मी उभाच राहिलो. साहेबांनी खिशातून एक घडी घातलेला पातळ कागद काढला आणि दोन ओठांत धरला. पात्यावर आपला श्वास पडू नये म्हणून तलवार पाहताना असा कागद तोंडात धरायचा असतो (हेही सातव्या प्रकरणात आहे). याचा अर्थ असा की पारख होईपर्यंत परीक्षकाला बोलता येत नाही. दहावीच्या परीक्षेचा निकाल मला कधी पाहावा लागला नाही, पण तो कसा वाटत असेल ते मला त्या खोलीत कळले. त्यांनी पाते पाहिले. भुवया वर गेल्या, त्या आनंदाने गेल्या असाव्यात. मग खुंटी काढली. मूठ ओढली. शेपूट खिडकीच्या उजेडात धरले, आणि त्याचा कवडसा साहेबांच्या कपाळावर पडला.

भुवया खाली आल्या. घड्याळ चालू होते. शेवटी साहेबांनी तोंडातला कागद काढला, त्याची पुन्हा घडी केली आणि अगदी हळू विचारले, "हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटले. आणि माझ्याबरोबर, त्याच क्षणी, बाईंनी म्हटले, "आम्ही."

साहेब आधी त्यांच्याकडे पाहू लागले, मग माझ्याकडे. बाई मला म्हणाल्या, "तू गप्प बस. तुला कोणी विचारलं?" मग त्या कपाटाकडे गेल्या आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातून पॉलिशचा एक डबा आणि त्यात कोंबलेले काळे पडलेले फडके घेऊन आल्या. डॉक्टरांना स्वच्छतेचे वेड होते. घरी असले की दर रविवारी सकाळी ते तलवार काढत, मूठ उपसत आणि शेपूट घासत. एकतीस वर्षे. आणली तेव्हा शेपटावर दोन अक्षरे होती. पहिल्या दहा वर्षांत ती पुसट झाली, मग गेली. "मी म्हणायची, अहो, आतलं कोण बघतंय? ते म्हणायचे, मी बघतो ना," बाई म्हणाल्या. ते गेल्यावर बाईंनी तलवारीला हात लावला नाही, लावावासा वाटला नाही, आणि सहा वर्षांत त्यावर गंज चढला. मग संग्रहालयाचा कागद आला. चौथी सूचना वाचून बाईंची झोप उडाली. सहा वर्षांचा गंज चारशेचा म्हणून खपेल का, एवढेच त्यांना त्या ग्रंथातून हवे होते. माझ्यावर संशय वगैरे काही नव्हता. त्यांच्या डोक्यात मी नव्हतोच. "कागद तुला पाठवला तो यासाठी की आहे तेवढा तरी गंज तू ठेवशील," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "तोही काढलास."

मामा, मला त्या वेळी हसू आले की रडू, ते सांगता येत नाही, पण मी न विचारता खुर्चीत बसलो. बाईंच्या समोर, आयुष्यात पहिल्यांदा. चारशे वर्षे मी घालवली नव्हती. मी घालवली ती फक्त सहा, आणि तीही दुःखाची. बाकीची एका माणसाने दर रविवारी, प्रेमाने, थोडी थोडी घालवली होती.

साहेबांनी डबा हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला. "आमच्या शस्त्रांच्या दालनात ही बसणार नाही," ते म्हणाले, आणि बाईंचा चेहरा पडला. डॉक्टरांची पाटी गेली असे त्यांना वाटले असणार, मलाही तसेच वाटले. पण साहेबांचे वाक्य संपलेले नव्हते, ते फक्त हळू बोलतात. "पण बोटींवरच्या लोकांचं एक कपाट आहे आमच्याकडे. त्यात होकायंत्रं आहेत, पत्रं आहेत, एका स्वयंपाक्याचा पळा आहे. तिथे ठेवता येईल. मात्र एक अट. हा डबा आणि हे फडकंही द्यावं लागेल. नाहीतर शेपटाचं असं का झालं ते बघणाऱ्याला कळणार नाही." बाईंनी डबा लगेच दिला. फडके मात्र हातात धरून थोडा वेळ बसल्या, मग तेही दिले. पाटीवरचा मजकूर त्या स्वतः लिहून देणार आहेत. त्यात चूक निघणार नाही.

साहेब गेल्यावर मी महिनाभराची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा बाई मला म्हणाल्या, "तू तळघरात गेलास, ज्यूडो मास्तरांकडे गेलास, फाटकावर उभा राहिलास. आणि दोन गल्ल्या ओलांडून मला सांगायला आला नाहीस." मी म्हटले, बाई, मी घाबरलो. त्या म्हणाल्या, "ज्याची वस्तू, त्याला आधी सांगायचं असतं. पुस्तकं नंतर." मी धीर करून म्हटले की बाई, साहेबांना तुम्हीही आधी सांगितले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितले, आणि मला वाटले आता मात्र संपलो. पण त्या म्हणाल्या, "म्हणून मलाही साडेसहाच." आणि चहा टाकायला उठल्या.

तर असा मी महिन्यानंतर काल रात्री स्वस्थ झोपलो आणि आज उठल्याबरोबर हे पत्र घेऊन बसलो. काकांनी मिठाच्या पाण्यातली सुरी लख्ख करून आजोबांच्या फोटोखाली टांगली आहे, मला आठवण राहावी म्हणून. आईचा तुम्हा दोघांना निरोप की थंडीत गच्चीवर जाऊ नये. मामींच्या गुडघ्याला आराम पडो. कळावे, लोभ आहेच, तो हे पत्र पुढे वाचल्यावरही राहावा ही विनंती.

तुमचा भाचा

ता. क. संग्रहालयाच्या सूचनांचा कागद सोबत जोडला आहे. चौथी सूचना तलवारीविषयी असली तरी ती जुन्या लोखंडाच्या आणि पितळेच्या सगळ्याच वस्तूंना लागू आहे असे साहेबांनी मला जिन्यात सांगितले. मी त्यांना कुलपांविषयी मुद्दाम विचारले. ते म्हणाले, कुलपांना तर विशेषच.

दुसरा ता. क. तुम्ही खुर्चीत बसलेले आहात असे धरून लिहितो. मागच्या वेळी मी तुमच्याकडे राहिलो असताना तुम्ही आणि मामी दोन दिवस तपासणीसाठी गेला होता. इतके दिवस तुमच्याकडे राहिलो, जेवलो, आपण काहीतरी करावे असे मला वाटले. ट्रंक उघडीच होती. कुलपे फार काळी पडलेली होती. ती मी सगळी आतूनबाहेरून घासली, तेल घातले, आणि ती आता इतकी चकाकतात की त्यांत चेहरा दिसतो. तुमच्या वाढदिवसाला स्वतः येऊन ट्रंक उघडून तुम्हाला चकित करायचे असा माझा बेत होता, आणि तोवर गुपित फुटू नये म्हणून ट्रंकेला कुलूप लावून किल्ली मी बरोबर आणली. ती याच पाकिटात, कापसात गुंडाळून पाठवत आहे. चकित करण्याचा बेत रद्द समजावा. तुमच्या मित्रांना वीस तारखेला बोलवायचे की नाही हे तुम्हीच ठरवा, पण शक्यतो बोलावू नये.

तिसरा ता. क. वर 'सगळी' असे लिहिले ते चूक आहे. सोळाच घासली. सतरावे हातात घेतले तेवढ्यात तुम्ही दोघे परत आल्याची फाटकाची कडी वाजली, आणि ते मी तसेच काळे, खाली डाव्या कोपऱ्यात ठेवून दिले. ट्रंक उघडल्यावर आधी ते बघावे.